नेस्टेड जेसनमधून मूल्यं काढणारं डेस्कटॉप ॲप: कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

मोजमाप घेणारी उपकरणं प्रत्येक चाचणीनंतर एक जेसन फाइल (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती मांडणारी मजकुराची फाइल) टाकतात. सगळ्यात वर चाचणीची माहिती, तिच्या आत उपकरण, उपकरणात चॅनलांची यादी, प्रत्येक चॅनलमध्ये रीडिंगांची यादी, आणि प्रत्येक रीडिंगमध्ये मूल्य, एकक, वेळ. कधीकधी त्यातच कॅलिब्रेशन नावाचा आणखी एक ऑब्जेक्ट, म्हणजे अशा जोड्यांचा गट. वापरणाऱ्याला ही उतरंड बघायची नाही. त्याला फाइलमागे एक ओळ आणि त्याने निवडलेले पाच-सहा रकाने हवेत. फोल्डर निवडायचं, टेबल बघायचं, सीएसव्ही (टेबल साठवायची साधी मजकूर फाइल) काढायची, संपलं.

पायथन, टीकिंटर (पायथनमध्ये खिडक्या बनवायचं साधन) आणि पायथनसोबत येणारं जेसन मॉड्यूल एवढ्यावर भागवायचं ठरवलं आहे. हे ज्या संगणकांवर चालणार त्यांना नेट नाही, त्यामुळे वेब ॲपचा विचार केलाच नाही. सगळी साधनं फुकट आहेत, म्हणजे खर्च फक्त वेळेचा. खऱ्या फाइलींतली नावं वेगळी आहेत. नोंदींत ती वाचायला सोपी अशी दिली आहेत.

६ फेब्रुवारी

पहिली आवृत्ती सरळसोट: चौकोनी कंसांची माळ. चाचणी, मग उपकरण, मग पहिला चॅनल, मग शेवटचं रीडिंग, मग मूल्य. नमुन्याच्या फाइलवर लगेच चाललं. पूर्ण फोल्डर दिलं आणि मधल्याच एका फाइलवर की-एरर (मागितलेलं नाव नसल्याची चूक) येऊन ॲप बंद पडलं.

की-एरर न सापडलेलं नाव सांगतो, जागा सांगत नाही. ‘एकक’ हे नाव चॅनलमध्ये आहे, रीडिंगमध्ये आहे आणि कॅलिब्रेशनमध्येही आहे. नुसतं ‘एकक’ छापून आलं तर शोधायचं कुठे? मधलाच एखादा ऑब्जेक्ट नल (जेसनमधलं ‘काहीच नाही’) असला की येणारा टाइप-एरर त्याहून वाईट. ननला (नलचं पायथनमधलं रूप) कंस लावता येत नाहीत, एवढंच तो म्हणतो. त्यात नावही नसतं.

यावर नेहमीचा उतारा म्हणजे सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये (चूक पकडून पुढे जायची पायथनची सोय) गुंडाळायचं आणि चूक आली की रकाना रिकामा सोडायचा. करून पाहिलं. टेबल झकास दिसायला लागलं, आणि तीच खरी भीती. रिकाम्या रकान्यांपैकी काही ठिकाणी उपकरणाने मोजलंच नव्हतं, काही ठिकाणी मोजलं होतं पण फाइलची रचना वेगळी होती, आणि एका रकान्यात तर मार्गातलं स्पेलिंगच चुकलेलं होतं. तिघांचा चेहरा सारखाच. त्याच संध्याकाळी ते काढून टाकलं.

९ फेब्रुवारी

कंसांऐवजी गेट मेथडची साखळी लावली. जेसनचा ऑब्जेक्ट पायथनमध्ये डिक्शनरी होतो, आणि गेट तिच्यातून नावाने मूल्य काढतो. प्रत्येक पायरीवर ‘नसेल तर रिकामी डिक्शनरी दे’. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. गेटला दिलेली पर्यायी किंमत फक्त नाव मुळात नसेल तेव्हा वापरली जाते. नाव आहे पण त्याच्यासमोर नल लिहिलंय, तर गेट इमानदारीने नन हातात ठेवतो आणि पुढचा गेट त्या ननवर आपटतो. आमच्या फाइलींत कॅलिब्रेशन झालं नसेल तर ते नाव गायब होत नाही, नल होऊन बसतं. त्यामुळे साखळी नेमकी तिथेच तुटायची.

मग साखळीच्या प्रत्येक कडीला ‘किंवा रिकामी डिक्शनरी’ जोडलं. चाललं. आणि तीच युक्ती शेवटच्या पायरीवरही लावली गेली: मूल्य किंवा डॅश. पायथनचा ‘ऑर’ डावीकडचं खोटं मानलं जाणारं काहीही टाकून देतो. त्यात नन आहे, रिकामी स्ट्रिंग आहे, रिकामी लिस्ट आहे, आणि शून्यही आहे. शून्य अंशावर घेतलेली सगळी रीडिंगं टेबलात डॅश झाली. टेबल तपासणाऱ्याने विचारलं, ‘या दिवशी सेन्सर बंद होता का?’ त्याने विचारलं नसतं तर कळलंही नसतं, कारण ॲपने कुठेच कुरकुर केली नव्हती.

इथे थांबून ठरवलं की मूल्य काढणारं जे काही लिहायचं त्याने निदान तीन उत्तरं वेगळी ठेवलीच पाहिजेत: नाव नाही, नाव आहे पण नल आहे, आणि मूल्य आहे (मग ते शून्य असो, फॉल्स असो किंवा रिकामी स्ट्रिंग). ही तिन्ही एका डॅशमध्ये कोंबायचीच असतील तर ते पडद्यावर दाखवणाऱ्याने ठरवावं, वाचणाऱ्याने नाही.

१३ फेब्रुवारी

चौथं उत्तर आज सापडलं, आणि या सगळ्या कामातलं सगळ्यात लबाड तेच.

एका फाइलीत एककाच्या रकान्यात मीटर दिसत होतं. चाचणी व्होल्टेजची. फाइल उघडून पाहिली तर आत व्यवस्थित मिलिव्होल्ट लिहिलेलं. मार्ग बरोबर, फाइल बरोबर, उत्तर चूक.

कारण असं निघालं: एकक एकाहून अधिक असतील तर निर्यात करणारा प्रोग्राम त्यांची यादी लिहितो. एकच असेल तर यादी न करता थेट स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, लिहितो. आपला मार्ग म्हणतो ‘एककांमधलं शून्याव्या क्रमांकाचं’. यादी असेल तर पहिलं एकक मिळतं. स्ट्रिंग असेल तर पायथन तक्रार करत नाही, कारण स्ट्रिंगलाही क्रमांक चालतो. तो तिचं पहिलं अक्षर देतो. मिलिव्होल्टच्या चिन्हातलं पहिलं अक्षर म्हणजे मीटरचं चिन्ह. एक्सेप्शन (पायथनने दिलेली चूक) नाही, रिकामा रकाना नाही, दिसायला अगदी खरं वाटेल असं एकक.

हाच प्रकार चॅनलांचाही आहे. एकच चॅनल असेल तर यादीऐवजी सुटा ऑब्जेक्ट. तिथे निदान की-एरर येतो, कारण डिक्शनरीत शून्य नावाचं काही नसतं. एक्सएमएलमधून (टॅगांनी माहिती मांडायची जुनी पद्धत) जेसन बनवणाऱ्या अनेक साधनांना ही खोड असते. एक्सएमएलमध्ये यादी अशी वेगळी गोष्टच नसते, तोच टॅग पुन्हा आला की ती यादी. एकदाच आला तर कळणार कसं?

उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या. क्रमांक लावण्याआधी समोर खरोखर लिस्ट आहे का हे तपासायचं. ‘क्रमांक चालतो का’ एवढं बघून पुढे जायचं नाही. आणि जिथे यादी अपेक्षित आहे तिथे सुटी वस्तू आली तर तिला एकच घटक असलेली यादी समजायचं, पण फक्त ज्या मार्गांसाठी तशी खूण केली आहे तिथेच. सरसकट केलं तर खऱ्या चुका झाकल्या जातात.

तपासणी लिहिताना आणखी एक: पायथनमध्ये बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) हा इंटिजरचाच (पूर्णांकाचाच) उपप्रकार आहे. ‘हे इंटिजर आहे का’ असं विचारलं तर ट्रू ‘हो’ म्हणतो. मूल्याच्या जागी ट्रू आलं तर ते आकडा म्हणून खपून जातं. बूलियनची तपासणी आधी, आकड्याची नंतर.

१६ फेब्रुवारी

आता मार्ग लिहायचा कसा. वापरणाऱ्याने रकाना निवडला की तो कुठेतरी साठवावा लागतो. सुरुवातीला नावांमध्ये टिंब घातलं होतं, जसं सगळे करतात. काही फाइलींत चॅनल यादीऐवजी नावाने ठेवलेले आहेत; त्यांतल्या ‘३.३व्ही’ नावाच्या चॅनलपर्यंत ते टिकलं. नावातच टिंब, मार्ग तिथे दोन तुकडे.

स्वतःची पद्धत शोधण्यापेक्षा जेसन पॉइंटर (जेसनमधल्या जागेचा पत्ता लिहायची प्रमाणित पद्धत) घेतला. त्याचं प्रमाण म्हणजे आरएफसी ६९०१ हा दस्तऐवज, एप्रिल २०१३ चा, वाचायला अर्धा तासही लागत नाही. तिरप्या रेघेने पायऱ्या वेगळ्या होतात. नावातच तिरपी रेघ असेल तर टिल्ड-एक (~1) लिहायचं, टिल्ड असेल तर टिल्ड-शून्य (~0). ‘मी/से’ असं नाव आमच्याकडे आहेच, त्यामुळे हे लगेच कामाला आलं. उलट वाचताना क्रम महत्त्वाचा: आधी टिल्ड-एकची तिरपी रेघ करायची, मग टिल्ड-शून्यचं टिल्ड. उलट केलं तर ज्या नावात खरोखर टिल्ड आणि एक शेजारी आहेत ते बिघडतं. आरएफसीत हा क्रम स्पष्ट दिलाय, तरी बरीच हाताने लिहिलेली फंक्शनं तो उलटा लावतात.

जेसनपाथ ही मार्ग लिहायची दुसरी पद्धतही पाहिली. २०२४ मध्ये ती आरएफसी ९५३५ म्हणून प्रमाणित झाली. तिच्यात गाळण्या आहेत, वाइल्डकार्ड (कुठल्याही नावाला जुळणारी खूण) आहे, मागून मोजणारे ऋण क्रमांक आहेत. पण एका मार्गाला अनेक उत्तरं येऊ शकतात, आणि मला एका रकान्याला एकच उत्तर हवं होतं. ‘शेवटचं रीडिंग’ जेसन पॉइंटरमध्ये लिहिता येत नाही, एवढीच पॉइंटरची उणीव भासली. त्यासाठी स्वतःचा एक शब्द जोडला, आणि तो पॉइंटरचा भाग नाही हे कोडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

‘०’ ही पायरी क्रमांक आहे की नाव, हे पॉइंटर वाचून ठरत नाही. समोर लिस्ट असेल तर क्रमांक, डिक्शनरी असेल तर नाव. आधीच सगळे आकडे इंटिजर करून ठेवले तर ज्या फाइलींत चॅनलांची नावं ‘१’, ‘२’ अशी आहेत त्या वाचता येत नाहीत.

फंक्शन आता असं आहे: डेटा आणि मार्ग द्यायचे, परत येते स्थिती, मूल्य, आणि मार्ग कुठपर्यंत पोचला ते. स्थिती पाच: सापडलं, नाव नाही, नल, क्रमांक यादीबाहेर, जात चुकली (यादी हवी तिथे मजकूर, असं काही). एक्सेप्शन अजिबात नाही. जेमतेम तीसेक ओळी. पण ‘उपकरण, चॅनल, २ इथपर्यंत आलो, पुढे रीडिंग हे नाव नाही’ असं वाक्य मिळायला लागल्यापासून फाइल हाताने उघडावी लागणं जवळपास थांबलं.

२० फेब्रुवारी

आकडे. फाइलीत १२.५० आणि टेबलात १२.५. आकडा तोच, पण मोजमापात शेवटच्या शून्याला अर्थ असतो. उपकरण दोन दशांशस्थळांपर्यंत मोजतं हे तो सांगतो. जेसन मॉड्यूल अपूर्णांकांचं फ्लोट (संगणकाचा ठरावीक अचूकतेचा दशांश आकडा) करतं आणि तो शून्य तिथेच गळतो. वाचताना ‘पार्स-फ्लोट’ या पर्यायाला डेसिमल (दशांश अंक जसेच्या तसे ठेवणारा प्रकार) दिलं की आकडा फाइलीत होता तसा राहतो. पूर्णांकांची काळजी पायथनमध्ये नाही, ते चांगले लांबलचक असले तरी. जिथे सगळे आकडे फ्लोट होतात तिथे मात्र ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे पूर्णांकही एकमेकांत मिसळायला लागतात, त्यामुळे लांबलचक अनुक्रमांक आकडा म्हणून येत असतील तर जपून.

डेसिमलची किंमतही मोजावी लागली. घातांकात लिहिलेला एक हजार टेबलात घातांकातच उमटला. फॉरमॅट करताना साधं दशांश रूप मागावं लागतं. आणि हाच डेटा परत जेसनमध्ये लिहायला गेलं की मॉड्यूल डेसिमल ओळखत नाही आणि टाइप-एरर देतं.

‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) वेगळाच. जेसनच्या नियमांत तो बसत नाही, पण पायथनचं मॉड्यूल तो मुकाट्याने वाचतं आणि लिहितंही. त्याची वाट पार्स-फ्लोटमधून जात नाही, त्यासाठी ‘पार्स-कॉन्स्टंट’ वेगळं आहे. तिथे अडवून त्याला ‘अवैध’ अशी खूण दिली.

एकाच ऑब्जेक्टमध्ये तेच नाव दोनदा आलं तर मॉड्यूल शेवटचं ठेवतं आणि पहिलं टाकतं, न सांगता. जुन्या फर्मवेअरच्या (उपकरणाच्या आतल्या प्रोग्रामच्या) फाइलींत ‘वेळ’ दोनदा होतं. ‘ऑब्जेक्ट-पेअर्स-हुक’ लावून अशा फाइलींची यादी काढली. वाचन त्याने जरा मंदावतं, म्हणून ते ‘फाइल तपासा’ या वेगळ्या बटणामागे ठेवलं.

२१ फेब्रुवारी

अंशाच्या चिन्हाआधी टोपी घातलेलं एक परकं अक्षर. विंडोजवर फाइल एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) न सांगता उघडली की पायथन तिथलं स्थानिक एन्कोडिंग धरतो. यूटीएफ-८ सांगितल्यावर काही फाइली सुरुवातीच्या बीओएमवर (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) अडल्या. शेवटी फाइल बाइट्स म्हणून उघडून तशीच मॉड्यूलच्या हवाली केली. बाइट्स दिले की ते एन्कोडिंग आणि बीओएम स्वतः ओळखतं. दोन्ही तक्रारी गेल्या.

२५ फेब्रुवारी

डावीकडे फाइलीची उतरंड दाखवणारा ट्रीव्ह्यू. त्यातलं पान, म्हणजे टोकाचं मूल्य, निवडलं की तो रकाना बनतो. सगळी उतरंड एकदम भरली तर हजारो रीडिंगांच्या फाइलीला खिडकी गोठते. म्हणून प्रत्येक फांदीखाली एक बनावट पोर ठेवायचं, आणि फांदी उघडल्याची घटना आली की ते काढून खरी पोरं भरायची. हे पटकन जमलं.

जे जमलं नाही ते असं: ‘००४२’ हा उपकरणाचा क्रमांक, जेसनमध्ये स्ट्रिंग, झाडातही ‘००४२’ दिसतोय. त्यावर क्लिक करून टेबलात घेतला की ४२. जेसन वाचणारा भाग पुन्हा पुन्हा तपासला, तिथे काहीच नव्हतं. दोष ट्रीव्ह्यूकडून मूल्य परत घेण्यात होता. आयटमची पूर्ण माहिती डिक्शनरी म्हणून मागितली की टीकिंटर त्यातल्या प्रत्येक मूल्याचा इंटिजर होतो का ते करून बघतं, आणि झाला तर तोच देतं. पुढचे शून्य तिथे जातात.

विजेटला (पडद्यावरच्या घटकाला, इथे ट्रीव्ह्यूला) डेटा विचारायचाच नाही, असा नियम केला. झाडातल्या प्रत्येक आयटमच्या ओळखीसमोर त्याचा जेसन पॉइंटर एका डिक्शनरीत ठेवला. क्लिक झालं की पॉइंटर मिळतो आणि मूल्य मूळ डेटातून येतं.

टेबलात चुकलेल्या जातीचा रकाना लाल करायचा होता. टीकिंटरच्या मागे असलेल्या ‘टीके’ साधनाच्या ८.६ आवृत्तीत ट्रीव्ह्यूला रंग ओळीला लागतो, एकेका रकान्याला नाही. म्हणून शब्दच ठेवले: नाव नसेल तर रिकामं, नल असेल तर ‘नल’, जात चुकली तर उद्गारचिन्ह आणि खालच्या पट्टीत कारण. सीएसव्हीतही हेच शब्द जातात. सीएसव्ही मॉड्यूलवर सोपवलं असतं तर त्याने ननची रिकामी जागा केली असती आणि ९ तारखेचा गोंधळ मागच्या दाराने परत आला असता.

२ मार्च

मोठ्या फाइली. तीनशे एमबीच्या आसपासची एक फाइल उघडताना खिडकीवर ‘प्रतिसाद देत नाही’. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्राममधल्या समांतर धाग्यात) नेलं, निकाल क्यूमधून (रांगेतून) आणला, खिडकी ठरावीक वेळाने क्यू बघते. पुस्तकी पद्धत. खिडकी तरीही गोठलेली.

पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत एक सामाईक कुलूप असतं, ते ज्याच्याकडे तोच एक थ्रेड त्या वेळी पायथनचा कोड चालवतो, आणि जेसन मॉड्यूलचा वाचणारा भाग सी भाषेत लिहिलेला आहे. एवढी मोठी फाइल तो एका दमात वाचतो आणि तेवढा वेळ ते कुलूप सोडत नाही. थ्रेड वेगळा असून खिडकीला पाळी मिळतच नाही. लहान फाइलींना हे जाणवत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं.

वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) हा उपाय. पण पहिल्या प्रयत्नात त्या प्रोसेसने पूर्ण डेटा परत पाठवला, आणि तो उलगडताना खिडकी पुन्हा अडली. आता उलट केलंय: मार्गांची यादी प्रोसेसकडे जाते, ती फाइल वाचते, आणि फक्त निवडलेली मूल्यं त्यांच्या स्थितीसह परत येतात. फाइलमागे पाच-सहा मूल्यं, बस.

मेमरीचा प्रश्न याने सुटत नाही. उलगडलेला डेटा फाइलीच्या कितीतरी पट जागा खातो. फार मोठ्या फाइलींसाठी आयजेसन हे वेगळं मॉड्यूल वापरलं. ते फाइल प्रवाहासारखी वाचतं, एकेक रीडिंग हातात देतं, आणि अपूर्णांक आपणहून डेसिमल देतं, हे बरंच. मात्र त्याचे मार्ग टिंबाने जोडलेले असतात. ‘३.३व्ही’ पुन्हा आडवं आलं. नावातलं टिंब कुठलं आणि पायरीचं कुठलं हे त्या मार्गावरून कळत नाही, म्हणून त्या चॅनलसाठी एक पायरी वर थांबून आतलं हाताने घेतलं.

९ मार्च

पायइन्स्टॉलरने एक्झी (पायथन न बसवताही चालणारी विंडोजची फाइल) बनवली. उघडली आणि मोठी फाइल निवडताच खिडक्यांमागून खिडक्या उघडायला लागल्या. टास्क मॅनेजरमधून मारत बसावं लागलं. विंडोजवर नवी प्रोसेस म्हणजे तोच प्रोग्राम पुन्हा सुरू करणं. बांधलेल्या एक्झीत, नव्या प्रोसेस सुरू करणाऱ्या मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूलचं ‘फ्रीझ-सपोर्ट’ सुरुवातीलाच बोलावलं नाही तर प्रत्येक पोर स्वतःला मुख्य ॲप समजतं. मुख्य मॉड्यूल तपासणाऱ्या इफच्या आत ती पहिली ओळ हवी. पायथनमधून थेट चालवताना हे कधीच दिसत नाही, म्हणून एक्झी शेवटी न बनवता अधूनमधून बनवत राहावी.

१४ मार्च

ॲप वापरात आहे. दोन गोष्टी बाकी. एकाच रकान्यात काही फाइलींचं मूल्य मिलिव्होल्टमध्ये आणि काहींचं व्होल्टमध्ये येतं. आपोआप रूपांतर करायचं नाही असं ठरलंय, पण एककं वेगळी असल्याची खूण रकान्याच्या डोक्यावर दिसायला हवी. दुसरं म्हणजे उपकरणाचं फर्मवेअर बदललं की एखादा मार्ग सगळ्याच फाइलींत ‘नाव नाही’ होतो. अशा वेळी शेकडो रिकामे रकाने दाखवण्याऐवजी फोल्डर उघडतानाच सांगायचं की हा मार्ग एकाही फाइलीत सापडला नाही, तो कुठल्या पायरीपर्यंत जुळतो, आणि त्या पायरीवर आता कुठली नावं आहेत. माहिती फंक्शन आधीच परत देतं. फक्त ती मोजून एका खिडकीत मांडायची आहे.